इंग्लिश लॉचा प्रॉब्लेम क्वेश्चन कसा लिहायचा

इंग्लंडमध्ये लॉ करणारी आपली मुलं हमखास विचारतात, केसेस सगळ्या पाठ आहेत तरी प्रॉब्लेम क्वेश्चनला, म्हणजे एक काल्पनिक प्रसंग देऊन त्यातल्या कुणाला तरी कायदेशीर सल्ला द्यायला सांगणाऱ्या प्रश्नाला, मार्क का पडत नाहीत? बहुतेक वेळा उत्तरात कायदा भरभरून असतो आणि प्रश्नातल्या माणसांचं काय झालं ते शेवटच्या दोन ओळींत उरकलेलं असतं, म्हणून.

आधी शेवटची ओळ वाचा, सल्ला कुणाला द्यायचाय ते तिथे असतं. मग काय कधी घडलं ते ओळीने मांडा.

समजा सारा टॉमला पत्राने कळवते, गाडी ५,००० पौंडांना देते. टॉम लिहितो, "दोन हप्त्यांत दिले तर चालतील का?" उत्तर येत नाही. दोन दिवसांनी तो "५,००० ला घेतो" असं पत्र पोस्टात टाकतो, ते गहाळ होतं, आणि सारा गाडी दुसऱ्यालाच विकून मोकळी होते.

इथे ऑफर म्हणजे काय यावर पानभर लिहू नका, ऑफर आहे यात वादच नाही, एका वाक्यात संपवा. खरा वाद हप्त्यांच्या वाक्यात आहे. हाईड वि. रेंच (१८४०) मध्ये १,००० पौंडांची शेतजमीन ९५० ला मागितली आणि मूळ ऑफर तिथेच संपली, मागाहून १,००० ला तयार होऊन उपयोग झाला नाही. पण स्टीव्हन्सन वि. मॅक्लीन (१८८०) मध्ये नुसती विचारणा होती, तिने ऑफर संपली नाही. मग टॉम कुणाच्या जवळ जातो? 'चालतील का' हे शब्द प्रश्नातून उचला आणि उत्तरात वापरा, सारा म्हणेल हप्ते मागितले म्हणजे अटच बदलली, तेही लिहा, आणि मग "बहुधा विचारणाच" असं स्वतःचं मत द्या. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, मार्क इथेच आहेत.

पुढचं सोपंय. ॲडम्स वि. लिंडसेल (१८१८) पासून ऑफर स्वीकारल्याचं पत्र पोस्टात टाकलं की करार झाला, आणि हाउसहोल्ड फायर वि. ग्रांट (१८७९) प्रमाणे ते हरवलं तरी झालाच. साराने ऑफर पत्रानेच केली होती त्यामुळे पोस्टाने उत्तर देणं वाजवी, हे एक वाक्य लिहायला बरेच जण विसरतात. ऑफर मागे घेतल्याचं मात्र समोरच्यापर्यंत पोचावं लागतं, बर्न वि. व्हॅन टिएनहोव्हन (१८८०), आणि टॉमला कुणी काही कळवलेलंच नाही.

भारतात लॉ शिकून तिकडे गेलेल्यांनी एक जपा. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात कलम ४ आणि ५ मुळे पत्र टाकणारा ते समोरच्याला कळेपर्यंत स्वीकृती मागे घेऊ शकतो. सवयीने तेच तिकडच्या पेपरात लिहिलं की उत्तर चुकलंच.

आणि परीक्षेत केसचं नाव आठवलं नाही तर अडून बसू नका, "शेतजमीन ९५० ला मागितली ती केस" असं लिहून पुढे जा, नुसतं नाव आणि वर्ष लिहिण्यापेक्षा हे कितीतरी बरं.