स्त्रियांविरुद्ध सांगितलेली हदीस कशी तपासायची

हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची सांगोवांगी आलेली नोंद. 'हदीसमध्येच आहे' असं कोणी म्हटलं की आधी पत्ता विचारा: ग्रंथ कोणता, त्यातली किताब (विभाग) कोणती, रावी (सांगणारा) कोण. क्रमांक आवृत्तीनुसार बदलतात, म्हणून नुसत्या क्रमांकावर विसंबू नका. मग वहीत दोन रकाने करा. एकात सनद, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं ती साखळी. दुसऱ्यात मतन, म्हणजे मजकूर.

आता त्याच विषयावरच्या पुढच्यामागच्या हदीस वाचा. खरं काम इथेच आहे आणि बहुतेक जण इथेच थांबतात. उदाहरणार्थ, स्त्री, गाढव आणि काळा कुत्रा समोरून गेल्यास नमाज तुटते, असं पैगंबरांचे सहाबी (सोबती) अबू जर सांगतात ('सहीह मुस्लिम' हा हदीससंग्रह, 510). पण त्याच ग्रंथात लगेच पुढे, 512 मध्ये, आणि 'सहीह बुखारी' या दुसऱ्या संग्रहात 514 मध्ये पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांचं उत्तर आहे. आम्हाला कुत्र्या-गाढवांच्या पंक्तीला बसवता, असा आक्षेप घेऊन त्या सांगतात: मी समोर आडवी पडलेली असताना पैगंबर नमाज पढत. बहुसंख्य फकीहांनीही (धर्मशास्त्रज्ञांनीही) नमाज तुटत नाही असंच मानलं. आयशांनी इतर सहाबींच्या केलेल्या अशा दुरुस्त्या चौदाव्या शतकात जरकशी या विद्वानांनी एका ग्रंथात गोळा केल्या; तो जरूर पाहा.

त्यानंतर हदीस केव्हा सांगितली गेली ते शोधा. 'स्त्रीच्या हाती कारभार देणाऱ्यांचं भलं होत नाही' ही बुखारीतली अबू बकरा (पहिले खलिफा अबू बकर नव्हेत, हे वेगळे सहाबी) यांची हदीस इराणच्या गादीवर किसराची (तिथल्या बादशहाची) मुलगी बसल्याच्या बातमीवरची आहे. अबू बकरांनी ती सांगितली ती मात्र 656 च्या उंटाच्या लढाईच्या संदर्भात. त्या लढाईत एका बाजूचं नेतृत्व आयशांकडे होतं. मोरोक्कोच्या अभ्यासक फातिमा मर्निसींनी 1987 मध्ये नेमका हाच धागा पकडला.

वादात घसरगुंडी होते ती पुढे. अबू बकरांना खोट्या आरोपाबद्दल फटके बसले होते, म्हणून त्यांची हदीस ग्राह्य नाही, हा मर्निसींचा मुद्दा एकटाच पुढे करू नका. साक्षीचे नियम हदीस सांगण्याला लागू होत नाहीत, हे पारंपरिक उत्तर तयार आहे. प्रसंगाचा मुद्दा अधिक भक्कम आहे; जोडीला कुरआनच्या 27व्या सूरेतली (अध्यायातली), सरदारांचा सल्ला घेऊन कारभार करणारी सबाची राणी ठेवा. हदीस न आवडल्यामुळे थेट 'बनावट' म्हणणं तर टाळाच, कारण मग आयशांची साक्षही त्याच न्यायाने उडवली जाते.

आणि वहीत आयशांच्या नावापुढे नुसतं 'पैगंबरांची पत्नी' लिहू नका. 'रावी, पारंपरिक गणनेनुसार 2210 हदीस' असं लिहा.