दोन सहलींच्या मधला तंबू
उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रवास, रानातला मुक्काम आणि सामुदायिक उत्सव एकापाठोपाठ येऊ लागले की परतल्यावर सामान तसेच कोपऱ्यात पडून राहते आणि त्यात सर्वाधिक हाल तंबूचे होतात. पाऊस पडला नसला तरी पहाटेच्या दवाने आणि आत झोपलेल्यांच्या श्वासातील बाष्पाने तंबू ओलसर झालेला असतो. तो तसाच पिशवीत राहिला तर दोन-तीन दिवसांतच त्याला बुरशी लागू शकते आणि तिचे काळे डाग सहसा पूर्णपणे निघत नाहीत. शिवाय ओलावा व उष्णता यांमुळे कापडावरचा पॉलियुरेथेनचा जलरोधक थर हळूहळू विघटित होऊन चिकट बनतो आणि मग तंबू गळू लागतो. म्हणून कितीही थकवा असला तरी परतल्याच्या दिवशीच तो उलगडून सावलीत, वाऱ्यावर वाळत घालावा. कडक उन्हात नव्हे, कारण अतिनील किरणांनी नायलॉन कमकुवत होते. शिवणी आणि तळाचे कापड सर्वांत उशिरा वाळते, त्यामुळे ते हाताने चाचपून पाहावे. वॉशिंग मशीनचा मोह मात्र टाळावा. पुढचा मुक्काम आठवड्याभरावर असला तरी तंबू घट्ट न गुंडाळता उशीच्या जुन्या अभ्र्यात सैलसर ठेवलेला बरा.