फ्लामेंको ऐकायचा तर हेरेझला मुक्काम करा

दक्षिण स्पेनला जाणारे बहुतेकजण सेव्हिलमध्ये तिकीट काढून तासाभराचा फ्लामेंको, म्हणजे तिथलं पारंपरिक गाणं, गिटार आणि नाच, बघतात आणि परततात. वाईट नसतो तो; पण वेळ असेल तर ट्रेनने साधारण तासाभरावरच्या हेरेझला दोन रात्री राहा. सान्तियागो आणि सान मिगेल या तिथल्या जुन्या खितानो, म्हणजे रोमा (जिप्सी) लोकांच्या, वस्त्या. बुलेरिया हा फ्लामेंकोचा प्रकार याच गावाचा.

इथे ‘पेन्या’ शोधा. पेन्या म्हणजे रसिकांचं मंडळ: छोटी खोली, भिंतीवर गायकांचे फोटो, कोपऱ्यात बार. कार्यक्रम बहुधा शनिवार-रविवारकडे आणि रात्री उशिरा असतात, म्हणून आधी चौकशी करा आणि दुपारी झोप काढून घ्या. गाणं सुरू झालं की बोलायचं नाही. आणि टाळ्या वाजवायचा मोह आवरा! बुलेरियाचं आवर्तन बारा मात्रांचं असतं, पण एकतालाच्या सवयीने जाल तर फसाल. वजन 3, 6, 8, 10 आणि 12 वर पडतं. दाद द्यायची तर ‘ओले’ पुरे.

फेब्रुवारी-मार्चमधल्या फ्लामेंको महोत्सवात खोल्या महागतात. डिसेंबरात मात्र ‘साम्बोम्बा’ असतात: अंगणात शेकोटीभोवती नाताळची गाणी. माझं मत विचाराल तर हाच काळ निवडा.

पुढे काडिझ या किनाऱ्यावरच्या शहराला जाताना वाटेत सान फेर्नान्दोला उतरा. कामारोन दे ला इस्ला (1950–1992) या फ्लामेंको गायकाचं हे गाव. त्याची समाधीही इथेच आहे.