खोट्या अनुभवपत्रासाठी देवाकडे खूण मागू नका

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की सोलापुरातल्या आपल्या मुलामुलींचा पुण्याचा रस्ता ठरलेलाच. हडपसर, खराडी, हिंजवडी. बायोडेटा कसा लिहायचा, मुलाखतीत काय विचारतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी लिहितोय ते एकाच गोष्टीसाठी. तिच्यात मी स्वतः बरेच दिवस अडकून पडलो होतो, आणि आजही चर्चच्या मंडळीतली चांगली, प्रार्थनाशील मुलं त्यातच अडकताना दिसतात.

पुण्यात काही महिने हिंडलात की कुणीतरी गाठतंच. फ्रेशरला कोण विचारतं? एवढे पैसे भर, तीन वर्षांचा अनुभव दाखवतो. अनुभवपत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेतल्या नोंदी, अगदी पीएफसुद्धा. मला हे विचारलं गेलं तेव्हा खोलीचं भाडं थकलं होतं, घरी वडील यंत्रमागावर, धाकटीची फी भरायची होती. मी उपवास धरला आणि प्रार्थना करू लागलो, 'प्रभू, तुझी इच्छा असेल तर हे दार उघड.'

सापळा तो हाच. खोटं पत्र हा सापळा नव्हे, ते खोटं आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. सापळा आहे त्या प्रार्थनेत. ती ऐकायला फार नम्र वाटते. पण दहा आज्ञांत 'खोटी साक्ष देऊ नको' हे देवानं सांगून झालेलं आहे. मग मी नक्की काय विचारत होतो?

बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा 22वा अध्याय उघडा आणि सावकाश वाचा. इस्राएल लोकांना शाप दे, असं सांगत बालाक राजाची माणसं बलाम नावाच्या द्रष्ट्याकडे येतात. देव स्पष्ट सांगतो, त्यांच्याबरोबर जाऊ नको. बालाक मग आणखी मोठे सरदार पाठवतो, मोठा मानमरातब देऊ करतो. आता बलाम म्हणतो, रात्रभर थांबा, परमेश्वर आणखी काय सांगतो ते बघतो. आणखी काय? दोन भेटींच्या मधे बदललं ते एवढंच की रक्कम वाढली. पुढचं तर फार बारकाईनं वाचा. दुसऱ्यांदा त्याला जायची मोकळीक मिळते. दार उघडतं! आणि तरी वाटेत दूत तलवार उपसून उभा राहतो. म्हणून 'दार उघडलं म्हणजे प्रभूची इच्छा' हे वाक्य मला आता ऐकवत नाही. पैसे मोजले की ती दारं उघडतातच.

गिदोनानं खळ्यात लोकर ठेवून देवाकडे खूण मागितली होती, ती गोष्ट पुढे करू नका. त्याला लढाईची आज्ञा आधीच मिळालेली होती, तो भ्यालेला होता म्हणून त्यानं खूण मागितली. मनाई असलेल्या कामाची परवानगी तो मागत नव्हता. आणि डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट पडेल ते वचन आपलं, हा प्रकार बंद करा. यिर्मया 29:11 घरोघरी कॅलेंडरवर असतं, देवाचे संकल्प हिताचे आहेत म्हणून. त्याच्या आदल्याच ओवीत 70 वर्षं लिहिली आहेत. बाबेलात (बॅबिलोनात) कैद करून नेलेल्या लोकांना ते पत्र आहे: घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा. पुढच्या महिन्यात ऑफर लेटर येईल असं त्यात कुठंही नाही.

आता घाबरून जाऊ नका. बहुतेक निवडी अशा नसतातच. पुणे की सोलापूर, बँकेची परीक्षा की अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत नोकरी, पुढं शिकायचं की कमवायचं, यात दोन्हीकडं पाप नाही. चुकीचं निवडलं तर देवाची योजना कायमची हुकेल, या भीतीनं मुलं आजारी पडलेली मी पाहिलीत. तसं नाहीये. लूकच्या शुभवर्तमानातल्या 14व्या अध्यायातला बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. तुम्हीही करा: भाडं, मेस, घरी किती पाठवायचं, किती महिने तग धरता येईल. याकोबाच्या पत्रात म्हटलंय तशी देवाकडे बुद्धी मागा. मग ठरवा आणि शांत झोपा.

सल्ला कुणाचा घ्यायचा? माझं मत स्पष्ट आहे. 'प्रभूनं मला तुझ्याबद्दल दाखवलं' असं म्हणत येणाऱ्यापेक्षा मिल बंद पडल्यावर प्रामाणिकपणे घर चालवलेल्या वडीलजनांपाशी तासभर बसा. पण त्यांनाही तुमचा विवेक सोपवू नका. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडच्या पुढं केडगाव लागतं, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या ज्या सिस्टरांनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीही धर्ममतांवरून त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. उपकार मानले, पण विवेक गहाण टाकला नाही. गाडी केडगावावरून जाते तेव्हा मला दर वेळी हे आठवतं.

मी नकार दिला. त्यानंतर लगेच मोठी नोकरी लागली, अशी साक्ष माझ्याकडं नाही. सोलापुरात परत येऊन एका व्यापाऱ्याकडं टॅलीवर बिलं केली, तुटपुंज्या पगारावर. माझ्या खोलीतल्या ज्यानं पत्र घेतलं, तो अजून नोकरीत आहे आणि माझ्यापेक्षा जास्त कमावतो. हे गिळायला मला जड जातं, आजही. स्तोत्र 73 मी त्यासाठीच वाचतो. ते ज्याच्या नावावर आहे त्या आसाफालाही दुर्जनांची भरभराट बघून हेवा वाटला होता, आणि तो तसं उघड बोलून दाखवतो.

पकडले जात नाही, असंही समजू नका. कंपन्या पीएफची जुनी नोंद आणि आयकर खात्याकडची कापलेल्या कराची नोंद (26एएस) बघतात. पगार दिसतो आणि त्यावरचा कर दिसत नाही, की चौकशी सुरू. खोटा दस्तऐवज खरा म्हणून वापरणं हा गुन्हाही आहे. पण पकडले जाल म्हणून खोटं बोलू नका, असं मी सांगणार नाही. उद्या तपासणीच बंद झाली तर तेवढ्यावर उभं राहिलेलं मन किती टिकेल?

बायोडेट्यात रिकामं वर्ष रिकामंच दाखवा. टॅलीवर काम केलं असेल तर तेच लिहा, त्यात लाज नाही.

पैसे भरून झाले असतील आणि पत्र अजून वापरलं नसेल, तर ते पैसे गेले समजा, पत्र फाडा, आणि आजच आईवडिलांना सांगा. ते ओरडतील. ओरडू द्या. पत्र वापरून नोकरी धरली असेल तर गोष्ट अवघड आहे, एकट्यानं काही करू नका. आधी वकिलाला विचारा, मग पाळकसाहेबांकडं जा. लुबाडलेलं चौपट परत करतो, असं जकातदार जक्कय म्हणाला तेव्हा येशू त्याच्याच घरी बसलेला होता.