इलेक्ट्रिक गाडीची टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यावी

शोरूमच्या आसपासच्या छोट्या फेरीत इलेक्ट्रिक गाडी कुणालाही आवडते. मोटर थांबलेल्या अवस्थेपासूनच जोर लावते, त्यामुळे सिग्नल सुटला की गाडी झेपावते. पण हा गुण जवळपास सगळ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत असतो, त्यावरून निवड करू नका. पाहायचं ते हे, की एका युनिटमध्ये गाडी किती किलोमीटर जाते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच, एक किलोवॉट-तास.

जाहिरातीतल्या रेंजवर, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते त्या आकड्यावर, विसंबू नका. टाटांची नेक्सॉन ईव्ही २०२० साली आली तेव्हा ३०.२ युनिटच्या बॅटरीवर तिची प्रमाणित रेंज ३१२ किलोमीटर होती, म्हणजे युनिटला दहाहून जास्त. ही रेंज ठरवणारी चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर होते. तिथे वेग ताशी ९० च्या पुढे जात नाही.

म्हणून किमान तासभराची ड्राइव्ह मागा. टाळाटाळ झाली तर दुसरा डीलर गाठा. बॅटरी ५०-६० टक्के असलेली गाडी घ्या. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर रिजनरेशन, म्हणजे वेग कमी होताना मोटरने उलट वीज बनवणं, नीट काम करत नाही आणि तुमचा अंदाज चुकतो.

निघण्यापूर्वी टायरमधली हवा तपासा, ट्रिप मीटर शून्य करा, एसी २४ वर ठेवा. आधी शहरात चालवा. मग महामार्गावर ताशी ८० आणि १०० अशा स्थिर वेगांनी, आणि त्याच रस्त्याने परतही या. जाता-येताची सरासरी काढली की चढ-उतार आणि वाऱ्याचा परिणाम बराचसा निघून जातो. स्क्रीनवर विजेचा वापर बहुधा वॉट-तास प्रति किलोमीटर असा दिसतो. १००० ला त्या आकड्याने भागा: १२५ आला तर युनिटला ८ किलोमीटर, १६५ आला तर ६.

आता हिशेब मांडा. बॅटरी ४५ युनिटची आणि महामार्गावर युनिटला ६ किलोमीटर, तर १०० पासून १० टक्क्यांपर्यंत साधारण २४० किलोमीटर. पुण्याहून कोल्हापूर जेमतेम गाठाल, पण मी तरी कराडला थांबूनच जाईन. वाटेतल्या डीसी, म्हणजे जलद चार्जरवर ८० टक्क्यांनंतर चार्जिंगचा वेग बराच मंदावतो, त्यामुळे पुढच्या टप्प्यासाठी १० ते ८० टक्केच धरा, म्हणजे १९० किलोमीटर.

उड्डाणपुलावरून उतरताना रिजनरेशनच्या सगळ्या पातळ्या वापरून पाहा. पाय उचलल्यावर गाडी झटका देते की अलगद मंदावते? घरच्यांना मागे बसवून मग विचारा, मळमळलं का.

मागच्या सीटवर तुम्हीही बसा. बॅटरी तळाशी असल्याने काही गाड्यांत फरशी उंच येते, गुडघे वर राहतात आणि मांड्यांना आधार मिळत नाही. अर्ध्या तासाच्या आत हे कळत नाही, म्हणून येतानाची बाजू मागेच बसून करा. पाच जण बसलेले असताना तुमच्या गल्लीतला सर्वांत उंच गतिरोधकही ओलांडून पाहा.

बुकिंगचे पैसे भरण्याआधी घरच्या चार्जरचं नक्की करा. ७.२ किलोवॉटचा चार्जर ४५ युनिटची बॅटरी रात्रभरात भरतो, पण तेवढा मंजूर भार तुमच्या मीटरला आहे का हे महावितरणच्या बिलावर बघा. सोसायटीत राहत असाल तर पार्किंगपर्यंत केबल नेण्याची परवानगी लेखी घ्या.