इंदूरमध्ये ज्यू सैनिकांविषयीचे छोटे प्रदर्शन कसे मांडावे

वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी ज्यू सैनिकांच्या इतिहासाला वाहिलेले एक राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्यामागे असलेली माजी सैनिकांची संघटना १८९६ मध्ये यादवी युद्धात लढलेल्या ज्यूंनी स्थापन केली, कारण ज्यू मंडळी लढायला पुढे आली नाहीत, असा आरोप त्या काळी उघडपणे केला जात असे. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजावर असा आरोप झाल्याचे फारसे आढळत नाही. जुन्या मुंबई फौजेत सुभेदारीपर्यंत पोहोचलेले त्यांचे लोक मराठी नावांच्या गर्दीतच दिसेनासे झाले. म्हणून इंदूरच्या एखाद्या मराठी वाचनालयात किंवा शाळेच्या सभागृहात असे प्रदर्शन मांडायचे असेल, तर पहिले काम ही माणसे ओळखण्याचे आहे.

फौजेच्या जुन्या याद्यांत सॅम्युएलचा सामाजी, इझिकिएलचा हसाजी आणि अब्राहमचा आबाजी झालेला आढळतो, तर आडनावे दिवेकर, किहीमकर, रोहेकर, पेणकर अशी कोकणातल्या गावांवरून आलेली असतात. मात्र केवळ आडनावावरून कोणाला ज्यू ठरवू नये, कारण त्याच गावांवरून इतर समाजांचीही आडनावे पडलेली आहेत. वडिलांचे नाव, कुटुंबाची माहिती किंवा कबरीवरचा लेख यांपैकी निदान एका गोष्टीचा दुजोरा मिळाल्यावरच नाव पक्के धरावे. महायुद्धांत कामी आलेल्यांची नावे राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतात, आणि भारतीय राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळही चाळून पाहावे.

सुरुवात सामाजी हसाजी दिवेकरांपासून करणे योग्य ठरेल. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले आणि सुटकेनंतर, १७९६ मध्ये, त्यांनी मुंबईतले पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, बांधले. टिपूच्या आईने बनी इस्राईल हे नाव कुराणातून ओळखीचे असल्यामुळे त्यांचा जीव वाचवायला सांगितले, ही कथा समाजात प्रेमाने सांगितली जाते. ती फलकावर अवश्य द्यावी, पण ‘परंपरेनुसार’ असे स्पष्ट लिहून. १९६५ च्या युद्धकाळात आरमाराच्या ताफ्याचे प्रमुख असलेले बेंजामिन सॅमसन हे बेने इस्राएल होते. १९७१ मध्ये पूर्व कमांडचे चीफ ऑफ स्टाफ असलेले जे. एफ. आर. जेकब हे कोलकात्याच्या बगदादी ज्यू, म्हणजे इराककडून आलेल्या ज्यूंच्या, कुटुंबातले. दोघांना एकाच फलकावर घालून हा फरक पुसू नये.

प्रदर्शनाचा जीव मात्र घरोघरी जपलेल्या वस्तूंत असतो, आणि त्यांत पदक सर्वांत बोलके. पदक हाती आले की आधी त्याची कड पाहावी. भारतीय फौजेला दिलेल्या बऱ्याच पदकांच्या कडेवर रोमन लिपीत सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकावा, पदक थोडेथोडे फिरवत भिंगातून वाचावे आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्यावा. उजळण्यासाठी ब्रासो लावण्याचा मोह अगदी कटाक्षाने टाळावा, कारण घासण्याने झिजते ती नेमकी हीच बारीक अक्षरे, आणि ती गेली की ते पदक कोणाचे होते हे सांगणारा पुरावाच उरत नाही. फितही धुऊ नये.

डिस्चार्जचे कागद आणि जुने फोटो लॅमिनेट करू नयेत, त्यांना सेलोटेप लावू नये. स्कॅन करून प्रत भिंतीवर लावावी आणि मूळ कागद लगेच परत करावा. माळव्याच्या पावसाळ्यात बंद काचपेटीत दमट हवा कोंडली की कागदाला बुरशी धरायला वेळ लागत नाही. वस्तू घेताना दोन प्रतींत पावती करावी, तिच्यात आधीचे ओरखडे आणि परतीची तारीख नोंदवून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. कोणी तलवार किंवा पिस्तूल देऊ केले, तर परवान्याची चौकशी पोलीस ठाण्यात होईपर्यंत ते स्वीकारू नये. हे सांगताना देणाऱ्याचा हिरमोड होतो खरा, पण इलाज नाही.

मांडणी कशी असावी हे पाहण्यासाठी महूचे इन्फंट्री म्युझियम इंदूरकरांना जवळ आहे. प्रवेशाचे नियम लष्करी हद्दीचे असल्यामुळे आधी विचारून जावे. फलकावर हुद्दा, पलटण, काळ आणि माहिती कोठून मिळाली एवढे चार-पाच ओळींत द्यावे, शौर्याची विशेषणे कमी ठेवावीत. सध्याच्या इस्रायलच्या राजकारणाला या फलकांवर जागा नसावी, कारण हे लोक इथल्या फौजेत लढले.

उद्घाटनाचा दिवस ठरवताना शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार टाळावा. तो शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीचा, काळ असल्याने ज्यांच्या घरच्या वस्तू मांडल्या आहेत, त्यांतल्या काहींना नेमके तेव्हाच येता येणार नाही.