स्टुटगार्टला नवीन आलात आणि मुलाचा वाढदिवस जवळ आलाय?

गेल्या वर्षभरात पुण्याहून चार-पाच कुटुंबं आमच्या भागात राहायला आलीयेत. घर, आनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी), किटा (इथली बालवाडी) हे सगळं मार्गी लागलं की प्रत्येकीचा एक प्रश्न हमखास येतो, ताई, पिल्लूचा वाढदिवस आलाय, इथे कसं करतात? प्रत्येकीला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच नीट लिहून काढावं. मला इथे आता नऊ वर्षं झाली, दोन मुलांचे मिळून बरेच वाढदिवस घरी आणि बागेत करून झालेत.

सगळ्यात आधी, हॉल बुक करू नका. आम्ही पहिल्या वर्षी पुण्याच्या सवयीने एक इनडोअर प्ले हॉल घेतला, वर्गातली सगळी मुलं बोलावली, वर आपली मित्रमंडळी, तीनशेच्या वर युरो गेले. आणि मुलगी शेवटी माझ्या मांडीवर येऊन बसली, कारण एवढ्या आवाजात तिची मैत्रीण तिला सापडतच नव्हती. त्या रात्री मला फार वाईट वाटलं होतं.

इथे बऱ्याच घरांत एक साधा हिशेब असतो, मूल जितक्या वर्षांचं होणार तितकी मुलं बोलवायची. पाच वर्षांचा असेल तर पाच, बास. आणि ती यादी मुलाने करायची, आपण नाही. कोणी राहिलं म्हणून आईवडील रागवत नाहीत, फक्त आमंत्रणाची कार्डं किटामध्ये सगळ्यांसमोर वाटू नका, गुपचूप त्या त्या मुलाच्या कप्प्यात ठेवा. कार्ड मुलाच्या हातचं असलं की उत्तम, बटाट्याचे ठसे मारलेलं, काहीही. त्यावर सुरू व्हायची आणि *संपायची* वेळ लिहा, साधारण तीन ते सहा, तुमचा फोन नंबर, आणि काही ॲलर्जी असेल तर कळवा असं एक वाक्य. दोन-तीन आठवडे आधी द्या. चार-पाच वर्षांपुढच्या मुलांना आईवडील सोडून जातात आणि सहाला न्यायला येतात, अगदी घड्याळ लावून, त्यामुळे मोठ्यांच्या जेवणाचा प्रश्नच येत नाही. बजेट अर्धं इथेच वाचतं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. वाढदिवसाच्या *आधी* इथे शुभेच्छा देत नाहीत, अपशकुन मानतात. आपण सोयीचा म्हणून आधीचा शनिवार धरतो, इथे नंतरचा धरायचा. आणि रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच सगळं आणून ठेवा. फ्लॅटमध्ये करणार असाल तर दोन दिवस आधी जिन्यात एक चिठ्ठी लावा की अमुक वेळात थोडा आवाज होईल. आमच्या खालच्या आजींनी चिठ्ठी वाचून मुलांसाठी बिस्किटं पाठवली होती.

आता खेळ, कारण तीन तास म्हणजे खेळच. इथला सगळ्यात लाडका खेळ टॉप्फश्लागन. मुलाचे डोळे बांधायचे, हातात लाकडी डाव द्यायचा, खोलीत कुठेतरी पातेलं पालथं घालून त्याखाली खाऊ ठेवायचा. मूल रांगत रांगत जमिनीवर डाव आपटत जातं, बाकीची गरम, थंड, गरम असं ओरडतात. आपली आंधळी कोशिंबीरच, फक्त बसून. मी आईने दिलेलं जाड बुडाचं स्टीलचं पातेलं ठेवते, त्यावर डाव पडला की जो ठण्ण आवाज होतो ना, त्याला मुलं अशी काही दचकतात आणि मग हसतात की परत परत तेच हवं असतं. लिंबू-चमचा इथेही आहे, पण बटाटा नाहीतर उकडलेलं अंडं घेऊन. आणि लगोरी शिकवाच. सात चपटे दगड आणि एक मऊ बॉल, खर्च शून्य, आमच्या मुलाच्या वर्गातली पोरं आता किटाच्या अंगणात खेळतात.

दुसरं म्हणजे खजिन्याचा शोध, शात्झझूखं म्हणतात. कागद चहाच्या कोऱ्या पाण्यात बुडवून वाळवायचा, कडा मेणबत्तीवर जरा जाळायच्या (सिंकमध्ये, मुलं झोपल्यावर), झाला जुना नकाशा. फुटपाथवर खडूने बाण, पाच-सहा ठिकाणी चिठ्ठ्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पुढच्या जागेचा फोटो चार तुकडे करून द्या, ती जोडून ओळखतात. वाचणारी मुलं असतील तर माझी एक खास युक्ती सांगते, गुप्त लिपी म्हणून *देवनागरी* वापरा. एका कागदावर अ, क, म, ल असं कोष्टक, समोर त्यांची अक्षरं. लेकीच्या आठव्या वाढदिवसाला आठ मुली गुडघ्यावर बसून "बाग" हा शब्द अर्धा तास सोडवत होत्या, आणि मग प्रत्येकीला स्वतःचं नाव तसं लिहून हवं होतं. माझी लेक तोवर मराठी लिहायला कंटाळायची. त्या दिवशी ती सगळ्यांची मास्तरीण होती.

उन्हाळ्यात बागच बरी. किल्लेसबर्गचा बाग फुकट आहे, यू ५ ही ट्राम शेवटपर्यंत तिथेच जाते, खेळायला जागा आहे, प्राणी आहेत. जंगलातल्या शेकोटीच्या जागाही छान, काठीला कणकेसारखं पीठ गुंडाळून भाजायचं, त्याला श्टॉकब्रोट म्हणतात, आपलं नानचं पीठही मस्त चालतं. पण कोरड्या दिवसांत वणव्याच्या भीतीने आग बंद असते, आधी बघून घ्या. आणि जंगलात गोचिडी असतात, हा सगळा भाग धोक्याचाच धरतात, म्हणून फुल पॅन्ट घालून पाठवा असं कार्डावरच लिहा आणि घरी गेल्यावर अंग तपासायला सांगा.

खाणं साधंच ठेवा. घरी केलेला केक (इथे विकतच्यापेक्षा घरच्याचं जास्त कौतुक होतं), फ्रोझन ब्रेत्झेल ओव्हनमध्ये घालून गरम गरम, काकडी-गाजर, बटाट्याच्या फोडी. पावभाजी वगैरेचा घाट मोठ्यांसाठी वेगळ्या रविवारी घाला, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. गमी बेअर आणताना पाकीट वाचा, बऱ्याच गोळ्यांत डुकराचं जिलेटिन असतं, वर्गातल्या मुस्लिम मुलांसाठीही ते बघावंच लागतं. शाकाहारी गोळ्या आता सगळ्या सुपरमार्केटात मिळतात.

आणि औक्षण सोडू नका. जर्मन मुलांसमोर कसं दिसेल असं वाटून मी दोन वर्षं ते सकाळीच उरकून टाकायचे, चूकच होती ती. आता जितकी वर्षं तितके कणकेचे दिवे ताटात, पडदे ओढलेले, आणि सगळी मुलं एकदम गप्प होऊन बघतात. मग सगळ्यांच्या हातावर साखर.

गेल्या वेळी सहा मुलांचा सगळा खर्च चाळीस युरोच्या आत बसला. निघताना प्रत्येक मुलाला छोटी पिशवी द्यायची असते, मिटगेब्सेल, त्यात लोक पाच-सहा प्लास्टिकच्या वस्तू घालतात. आम्ही मुलांनी तिथेच रंगवलेला कागदी कप दिला, आत माती आणि भिजवलेले मेथीदाणे. तीन-चार दिवसांत कोंब येतात, मुलांना तेवढाच धीर असतो. पुढच्या आठवड्यात किटाच्या दारात एका मुलाच्या आईने मला थांबवलं, हे रोप आता बोटभर झालंय, याचं करायचं काय असतं? संध्याकाळी तिला ठेपल्यांची रेसिपी पाठवली.